थोरलीचा टाक

माझ्या धाकट्या आत्याच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक टाक असतो. अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. तिचे नाक-डोळे कधीच झिजून गेलेत, आता फक्त पदराची रेघ आणि खाली दोन पाय ओळखू येतात. ती बाई म्हणजे माझी थोरली आत्या. धाकटीची सख्खी बहीण आणि तिची सवतही.

घोटाळा होईल म्हणून सगळं नीट सांगते. माझ्या वडिलांना दोन बहिणी. आमचं गाव संग्रामपूरकडचं. थोरलीला जळगाव जामोदला दिली होती, घर खातंपितं, वावर भरपूर. तिला छातीत गाठ झाली आणि एक लहान मुलगा मागे ठेवून ती गेली. मग दोन्हीकडचे पुरुष बैठकीत बसले. लेकराला परकी सावत्र आई नको, मावशीच बरी, असं त्यांचं ठरलं आणि वर्षाच्या आत धाकटीला त्याच घरी, त्याच माणसाला दुसरेपणावर दिली. धाकटीला कोणी विचारलं नाही. आमच्याकडे त्या काळी यात कोणाला नवल वाटलं नाही.

दुसरेपणाच्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, हेही ठरलेलंच. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. हळदीकुंकू आधी तिला. ताटातला पहिला घास मनातल्या मनात तिचा. चुकलं तर गेलेली सवत बाधते. तो दोरा गळ्यात पडला त्या दिवसापासून घरादारानं, सोयऱ्याधायऱ्यांनी आणि खुद्द धाकटीनंही थोरलीला बहीण म्हणणं सोडून दिलं. ती सवत झाली. धाकटी तिला 'थोरली' म्हणायला लागली. त्या घरात एकटा तो मुलगा, माझा आत्याभाऊ, धाकटीला 'मावशी' म्हणायचा आणि अजूनही म्हणतो. खरं नातं त्या घरात तेवढ्या एका हाकेत उरलं होतं.

थोरली मला अंधूक आठवते. मी लहान होते, बाबा मला सोबत घेऊन तिला भेटायला गेले होते. मागच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कडुनिंबाचा पाला उकळल्याचा वास होता आणि त्या वासाखाली दुसरा एक वास होता, तो लपवायलाच पाला उकळलेला. पदर तिनं एका बाजूला घट्ट दाबून धरला होता. मला जवळ घेऊन तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बाबांना म्हणाली, "हे तं निरी माह्यावर गेली रे." तिला त्याचा आनंद झाला होता. मी मात्र हात सोडवून अंगणात पळाले, वासामुळे. त्यानंतर तिला पाहिलंच नाही.

तिचं म्हणणं खरं ठरलं. मी जसजशी मोठी होत गेले तसतसा माझा चेहरा थोरलीचा होत गेला. गावातल्या म्हाताऱ्या बाया मला रस्त्यात थांबवून हनुवटी धरून बघायच्या. सगळ्यांना कौतुक होतं, फक्त धाकट्या आत्याला नव्हतं. ती दिवाळीला माहेरी आली की माझ्याकडे एकदा बघायची आणि मान फिरवायची. माझ्या लग्नात तिनं मला हळद लावली ती तिसरीकडेच बघत. मी तोंडावर बोलणारी बाई आहे, मनात ठेवून बसणं मला जमत नाही. तेव्हाच आईला म्हटलं होतं, आत्याला पैशाचा ताठा आहे. आई म्हणाली, "ताठा नाई वं, भेते ते तुले." मला ती थट्टा वाटली होती.

मग बारा-तेरा वर्षांपूर्वी धाकटीलाही गाठ आली. डाव्या बाजूला, टाक लोंबायचा त्याच्या बरोबर खाली. मग काय, सगळ्या घराला कारण सापडलं. थोरली आली, घरधनी मागायला आली, बहिणीला सोबत न्यायला आली. कोणी म्हणालं, पितृपक्षात थोरलीच्या नावानं जेवणाऱ्या नवमीच्या सवाष्णीला ओटी कमी पडली असेल. कोणी खाऱ्या पाण्याला बोल लावला, आमच्या पट्ट्यात ते एक हक्काचं कारण असतंच. उतारे झाले, अंगारे झाले, यात महिने गेले. शेवटी आत्याभावानं कोणाला न विचारता मावशीला गाडीत घातलं आणि अकोल्याला नेलं. ऑपरेशन झालं, एक स्तन काढला, सुया झाल्या, केस गेले आणि पुन्हा आले. आत्या वाचली. पण वाचल्यावर ती अजूनच दबून राहायला लागली, सक्त तंबी देऊन सोडलेल्या माणसासारखी.

मी खामगावला शाळेत विज्ञान शिकवते. दहावीला आनुवंशिकता असते. आईबापांकडून अपत्यात गुण कसे उतरतात हे मी दरवर्षी फळ्यावर तक्ता काढून सांगते आणि त्यावर हमखास प्रश्न येतो म्हणून पाठही करून घेते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकताना ते लक्षात राहावं.

मागच्या वर्षी मला स्वतःला काखेजवळ गाठ हाताला लागली. आंघोळीचा तांब्या हातातच राहिला. आधी आठवला तो कडुनिंबाचा वास. न्हाणीघरात साबण होता, शाम्पू होता, तरी नाकात तोच वास. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकायला लावली आणि आम्ही अकोल्याला गेलो. गाठ साधी निघाली. मी सुटकेचा श्वास सोडला, पण डॉक्टर काही सोडेना. माझ्यापेक्षा लहान पोरगी, डोळ्यांवर मोठा चष्मा. तिनं विचारलं, "घरात कोणाला कॅन्सर होता का?"

मी म्हटलं, "माहेरी कोणाला नाही. दोन आत्यांना झाला होता, पण त्या दोघी एकाच घरी दिलेल्या. ते घरच तसं आहे."

तिनं पेन खाली ठेवलं. "घर तसं आहे म्हणजे?"

फळ्यावरचा तक्ता डोळ्यांसमोर आला. दोन सख्ख्या बहिणी, एका आईबापाच्या, दोघींनाही कमी वयात, आणि त्यांचा भाऊ माझा बाप. दहावीचा एखादा धडा शिकवावा इतकं सरळ होतं ते. पण लहानपणापासून मी हे एका घराची, एका सवतीची गोष्ट म्हणूनच ऐकलेलं होतं. मुलगी दिली की तिचं सगळं तिकडचं. तिचं आडनाव तिकडचं, तिचा देव तिकडचा, नवमीला तिच्या नावानं ताट वाढायचं तेही तिकडेच. मग तिचं दुखणंही आम्ही तिकडचंच धरलं होतं.

डॉक्टरनं न चिडता समजावलं. हे वडिलांच्या बाजूनंही तितकंच येतं. ज्या आत्याला होऊन गेलाय आणि ती हयात आहे, तिचं रक्त आधी तपासायचं. तिच्या जनुकात दोष सापडला तर नेमकं काय शोधायचं ते कळेल, मग माझं बघणं सोपं. तिचं न करता माझं केलं आणि काही निघालं नाही, तरी निर्धास्त राहता येणार नाही. मग तिनं विचारलं, "त्यांच्या राहिलेल्या बाजूची दरवर्षी मॅमोग्राफी होते ना?"

मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर आत्याभावाला फोन केला. तो म्हणाला, "मावशी पहिल्या वर्षी गेली होती. दारातून वापस आली. तवापासून नावच घेऊ देत नाई."

पितृपक्ष जवळ आला होता. अविधवा नवमीला, म्हणजे आमच्या बोलीतल्या अहेव नवमीला, नवरा हयात असताना गेलेल्या बाईच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालतात. थोरलीच्या नावानं आत्या शेजारच्या एका बाईला दरसाल बोलवायची. मी फोन करून सांगितलं, या वेळी सवाष्ण म्हणून मीच येते. आत्या म्हणाली, "तू काऊन?" मी म्हटलं, "काऊन म्हणजे? मी काय परकी हाय?" सवाष्णीला नको म्हणता येत नाही. मला ते माहीत होतं, म्हणूनच मी तो दिवस धरला.

नांदुऱ्यावरून बस जळगावला लागली तेव्हा समोर सातपुडा निळा दिसत होता. वावरात सोयाबीन पिवळं पडत आलेलं. मला त्या रस्त्यावर नेहमी उगीच बरं वाटतं, त्या दिवशी वाटलं नाही.

आत्यानं माझे पाय धुतले. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, हिरव्या खणानं ओटी भरली. मेलेल्या बाईच्या जागी बसून जेवायचं म्हणजे काय, हे त्या दिवशी मला कळलं. पुरणपोळी, आळूची भाजी, कढी, भजी, सगळं तिच्या आवडीचं. एकेक पदार्थ वाढताना आत्या ताटाकडे बघायची, माझ्याकडे नाही. तिच्या हातून कढी पानाबाहेर सांडली. मला वाटत होतं, मी जेवते आहे आणि कोणीतरी माझ्या तोंडानं जेवतं आहे. विज्ञानाची बाई मी, पण खरं तेच सांगते.

जेवण झाल्यावर मी पाटावरून उठलेच नाही. म्हटलं, "आत्या, तपासणीले काऊन नाई जात तू?"

"गळ्यातलं काढा म्हणतात," ती म्हणाली. "त्या फोटोच्या मशीनसमोर काही चालत नाई म्हणे गळ्यात."

"मंग काढाव. घटकाभराचं तं काम हाय."

तेव्हा ती बोलली. ऑपरेशनच्या वेळी तिचा टाक काढून ठेवला होता, ती गुंगीत असताना. शुद्धीवर आली तर गळा रिकामा. मग ताप चढला, जखम चिघळली, सुयांनी ओकून ओकून जीव जायची पाळी आली. ती म्हणाली, "थोरलीले गळ्यातून काढलं मणून चिडली ते. तवाच म्या कबूल केलं, आता काहीबी होवो, तुले नाई काढत. मशीनसाठी कशी काढू? एकडाव सोडलं तिनं मले, दुसऱ्या डावी नेईन."

म्हणजे इतकी वर्षं ही बाई तपासणी टाळत होती ती आळसानं नाही, खर्चानं नाही, लाजेनंही नाही. बहिणीच्या भीतीनं. मला रडू आलं आणि रागही आला, कोणाचा ते कळेना.

"तवा डॉक्टरनं इचारलं नाई का तुले, घरात कोणाले होतं मणून?"

"इचारलं ना."

"मंग काय सांगतलं?"

"सांगतलं, माह्या सवतीले होतं."

तिनं काही लपवलं नव्हतं. जे नातं तिला ठाऊक होतं ते तिनं सांगितलं. आणि डॉक्टरनं ऐकलं, सवत, म्हणजे दुसऱ्या घरची बाई, रक्ताचा संबंध नाही. त्यानं मान हलवली असेल आणि पुढचा प्रश्न विचारला असेल. त्या एका शब्दापाशी आम्हा सगळ्यांची चौकशी थांबली होती, बाबांची, माझी, थोरलीच्या मुलाची.

"आत्या, ते तुही बहीण होती," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली, पण कोणीतरी फार जुनी, बिनकामाची गोष्ट काढावी तशी.

मग मी माझ्याकडे होतं नव्हतं ते शेवटचं काढलं. तिची हनुवटी धरली आणि म्हटलं, "इकडं पाय. माह्या तोंडाकडं पाय एकडाव. हे तोंड कोणाचं?"

तिनं डोळे मिटून घेतले. "तिचं."

"मंग हे माह्याकडं कुठून आलं? या घरातून आलं? मी तं या घरची नाई. सवतीकडून आलं? तुह्या बापाकडून आलं ना, माह्या बापातून माह्यात. जसं तोंड आलं तसंच हे दुखणं येते. तिनं तुले नाई धाडलं आत्या. तिलेबी कोणीतरी धाडलं होतं."

ती उठली आणि ताट उचलून आत गेली. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. मी संध्याकाळच्या बसनं परत आले, तोंड कडू करून. नवऱ्याला म्हटलं, गेले होते पाजळायला अक्कल, ओटी घेऊन आले.

पंधरवड्यानं आत्याभावाचा फोन आला. "मावशी येते म्हणते अकोल्याले. पण तू पाह्यजे म्हणते संग."

तपासणीच्या खोलीबाहेर एक छोटी जागा होती, पडदा लावलेला. आतल्या मुलीनं नेहमीप्रमाणे सांगितलं, "आजी, गळ्यातलं सगळं काढा." आत्यानं मंगळसूत्र काढून माझ्याकडे दिलं. मग टाकाच्या दोऱ्याला हात घातला आणि थांबली. मी पर्समधला रुमाल काढला, त्यात गुंडाळून ठेवते म्हटलं.

"नोको," ती म्हणाली. "खाली नोको ठेऊ, पिशवीत नोको, खुंटीले तं नोकोच. तू घाल गळ्यात. तुह्यापाशी राहीन ते. तिच्याच तोंडाची हायेस तू."

दोरा तिनं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावरून घातला. ती आत गेली. दार बंद झालं.

त्या बाकावर बसले तेवढा वेळ मी आयुष्यात कधी विसरणार नाही. टाक गरम होता, आत्याच्या अंगाच्या उबेनं. एवढासा पत्रा, पण माझा सगळा जीव तिथं गोळा झाला होता. समोर काचेच्या चौकटीत कसली तरी सूचना लावलेली होती आणि काचेत माझा चेहरा दिसत होता, गळ्यात टाक घातलेला. ती मी नव्हते. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई आज उठून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी भ्यायले, सरळ सांगते. पळून जावंसं वाटलं, लहानपणी पळाले तसं. पण गळ्यात ती होती, पळून जाणार कुठं? मग हळूहळू काय झालं कोण जाणे, मला तिची कीव आली. इतक्या तरुणपणी गेली बिचारी, भाचीच्या तोंडावरून हात फिरवून खुश झाली, आणि मागे राहिलेल्यांनी तिचं भूत केलं. तिनं कोणाचं काय वाईट केलं होतं? मी टाकावर हात ठेवला आणि दार उघडेपर्यंत तसाच ठेवला.

आत्या बाहेर आली ती आधी माझ्या गळ्याकडे बघत. मग वर माझ्या तोंडाकडे. पहिल्यांदा तिनं मान फिरवली नाही. "तरास नाई देला ना तिनं तुले?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "गप बसली होती." त्यानंतर तिनं रक्तही दिलं, हूं की चूं न करता.

राहिलेल्या बाजूला काही निघालं नाही. रक्ताचा निकाल यायला मात्र वेळ लागला. तोवर कापूस फुटला, वेचणीची धांदल सुरू झाली, माझ्या शाळेत सहामाही आटोपली. निकाल आत्याचा, म्हणून डॉक्टरनं तिलाच बोलावलं. आत्या म्हणाली, "हे मास्तरीण हाय, हिले सांगा, हे मले सांगीन." मग डॉक्टरनं आम्हा दोघींना बसवून सांगितलं. दोष सापडला होता. जन्माचाच.

घरी आल्यावर आत्या मागच्या अंगणात बाजेवर बसली आणि तिथं मला विचारलं, "म्हणजे हे आमच्यात जन्मापासूनच होतं?"

"हाव."

"तिच्यातबी? लगनाच्या आंधीपासून?"

"तुमी दोघी एका ताटात जेवत होत्या तवापासून."

तिनं टाक चिमटीत धरला. "मंग तिनं नाई धाडलं," ती म्हणाली. "अन् म्या रोज तिची माफी मांगतली. तिचा नवरा घेतला, तिचं लेकरू घेतलं, मणून चिडली अशीन मणून. दररोज वं पोरी. सकाळी उठली का पह्यलं तेच."

मग तिनं टाक तोंडासमोर धरला. मी तिच्या तोंडून नेहमी 'थोरली' ऐकलेलं. त्या दिवशी तिनं हाक मारली, "बाई." आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, लहानपणी म्हणत असेल तसं. "बाई, तू नव्हती वं. तू नव्हती माय."

आणि ती रडायला लागली. डोळे टिपत नाही, तर हेल काढून, मयताच्या घरी बाया रडतात तसं, एकेक आठवण काढून. बाईनं वेणी घातलेली, बाईनं वावरात बोरं दिलेली, बाईच्या लग्नात तिच्यामागे बैलगाडीपर्यंत पळालेली. बहीण मेली तेव्हा तिला रडायला वेळच मिळाला नव्हता. दुःख संपायच्या आत तिच्या गळ्यात टाक घातला गेला आणि दुःखाची भीती झाली. ते रडणं इतकी वर्षं तसंच राहून गेलं होतं.

आवाज ऐकून शेजारची बाई भिंतीवरून डोकावली, पदर तोंडाशी धरून. "कोण गेलं वं माय?" तिनं हळूच विचारलं.

"माही मोठी आत्या," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

मग माझी पाळी आली. माझ्यातही तेच निघालं. आत्याचं भूत सुटलं आणि माझ्या दारात येऊन उभं राहिलं, फक्त आता ते कोण आहे हे माहीत आहे. बाबांना सांगायला गावी गेले. त्यांना वाटत होतं बायांचं दुखणं बायांकडूनच जात असेल. मी समजावून सांगितलं, आजोबा किंवा आजीकडून ते तुमच्यात, तुमच्यातून माझ्यात. ते ओसरीवर उकिडवे बसले होते. म्हणाले, "वावर पोराच्या नावानं केलं. तुले म्या काहीच नाई देलं बाप्पा, अन् देलं तं हे देलं." मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांच्याशेजारी बसून राहिले. आत्याभावालाही तपासायला सांगितलंय, त्याला मुली आहेत. माझी लेक अजून कॉलेजात आहे, तिचं काय ते ती मोठी झाल्यावर ठरवेल. मी तिच्या तोंडाकडे हल्ली जरा जास्तच बघते, ती म्हणते, "काय आई, काय झालं?" ऑपरेशन करून आधीच काढून टाकायचं का, हेही डॉक्टरनं विचारलंय. मी अजून ठरवलेलं नाही. काही दिवस वाटतं उद्याच करावं, काही दिवस तो विषयच नको वाटतो. न्हाणीघरात कधी कधी अजून तो वास येतो.

तोवर वर्षाच्या वर्षाला तपासणी. पहिल्या खेपेला नवरा येतो म्हणाला, पण आत्यानं फोन करून त्याला घरीच राहायला सांगितलं. जळगावहून पहाटेची बस धरून ती खामगावला आली आणि तिथून आम्ही दोघी अकोल्याला. टाक अजून तिच्या गळ्यात असतो. काढून टाक म्हणून मी एकदा सुचवलं तर म्हणाली, "काऊन? आता तं माही बहीण हाय ते."

खोलीबाहेर तीच मुलगी होती. "मॅडम, गळ्यातलं काढा," ती म्हणाली. मी मंगळसूत्राला हात घातला. फासा निघता निघत नव्हता, शेवटी निघाला. आत्यानं पुढे होऊन तळहात पसरला.

"दे अथी," ती म्हणाली. "जाय तू. आमी दोघी आहो ना बाहीर."